खिदमतीचा हिशेब

प्रेमचंदांची ‘ईदगाह’ आम्ही उर्दू माध्यमाच्या वर्गात दरवर्षी वाचून दाखवतो. १९३३ सालची ही कथा आपल्या वाचकांना नव्याने सांगण्याची गरज नाही. आईबाप नसलेला चार-पाच वर्षांचा हामिद, त्याची म्हातारी दादी अमीना, खिशातले तीन पैसे, ईदगाहजवळची जत्रा. सोबतची मुले शिपाई, भिश्ती, वकील अशी मातीची खेळणी घेतात, मिठाई खातात. हामिद लोखंडी सामानाच्या दुकानापाशी थांबतो आणि चिमटा घेतो, कारण तव्यावरून रोटी काढताना दादीची बोटे भाजतात. कथा संपली की आम्ही ठरलेला प्रश्न विचारतो, हामिदपासून काय सबक मिळतो? मुलेही ठरलेले उत्तर देतात. कुर्बानी, मोहब्बत, बडों की खिदमत.

काही वर्षांपूर्वी एका मुलीने मात्र आम्हालाच प्रश्न केला. “सर, चिमटा तो आ गया. अगली ईद तक दादी के हाथ काँपने लगे तो? फिर रोटी कौन डालेगा?” वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि पुढचा धडा काढला. त्याच वर्षी आमच्या अम्माला लकव्याचा झटका आला आणि तो प्रश्न सुप्याच्या आमच्या घरात येऊन बसला. तेव्हापासून आम्ही आपले साहित्य त्या मुलीच्या प्रश्नाने वाचू लागलो. हा लेख त्या वाचनाचा आहे. खिदमत, सेवा, तीमारदारी या गोष्टीला आपल्या कवी-लेखकांनी कसे पाहिले आणि काय पाहायचे राहून गेले, एवढाच त्याचा विषय.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. आपल्या साहित्यात खिदमत हा माणसाचा गुण म्हणून येतो. तो एखाद्यात असतो किंवा नसतो. असला तर माणूस फरिश्ता, नसला तर नालायक औलाद. प्रत्यक्षात खिदमत ही शिकण्याची गोष्ट आहे आणि तिची अडचण अशी की शिकलेले टिकत नाही. ज्याची काळजी घ्यायची त्याची गरज दोन-चार महिन्यांत बदलते आणि आपण पुन्हा पहिलीच्या वर्गात बसतो. ज्या लेखकांनी हे बदलणे पाहिले त्यांचे लेखन खरे उतरले. ज्यांनी फक्त गुणगान केले त्यांचे लेखन गोड झाले, उपयोगी झाले नाही.

आधी ‘ईदगाह’च पाहू. मार्गदर्शक पुस्तकांनी तिला त्यागाची कथा करून ठेवले आहे. आमच्या मते ती त्यागाच्या आधी नजरेची कथा आहे. हामिदने रोज चुलीपुढे बसलेल्या दादीची बोटे पाहिली होती. मोठ्या माणसांनाही जे दिसत नाही ते त्याला दिसले. दुसरी गोष्ट कथेच्या शेवटी आहे. प्रेमचंद तिथे नाती उलटी करतात. लहान हामिद वडीलधारा होतो आणि म्हातारी अमीना लहान मुलीसारखी रडते. खिदमतीत नेमके हेच होते, जुने नाते मोडून नवे बांधावे लागते. ‘ईदगाह’मध्ये ते एका क्षणात घडते आणि कथा तिथेच थांबते. तो कथेचा दोष नाही, कथेला कुठेतरी थांबावेच लागते. पण पुढचे लिहिण्याचे काम आमच्या पिढ्यांचे होते. ते आम्ही केले का?

उर्दूत आईवर जेवढे लिहिले गेले तेवढे क्वचितच कोणावर लिहिले गेले असेल. मौलाना हालींनी १९०५ साली ‘चुप की दाद’ लिहून स्त्रियांच्या मुक्या कष्टांना दाद दिली. त्या काळात हे मोठे धाडस होते आणि त्याबद्दल आपण हालींचे ऋणी आहोत. पुढे मुनव्वर राणांनी आईला गझलेत आणून बसवले. मुशायऱ्यात त्यांचे शेर ऐकताना दाढीवाले पुरुष डोळे पुसताना आम्ही पाहिले आहेत. आम्हीही पुसले आहेत. पण या सगळ्या शायरीत आई दुआ देते, वाट पाहते, उपाशी राहून मुलाला भरवते. ती क्वचितच आजारी पडते. पडलीच तर मुलाची एक नजर तिला पुरते. तिला कुशीवर वळवावे लागत नाही, तिची चादर ओली होत नाही, ती चिडून ताट लोटत नाही. हालींनी ज्या चुपीला दाद दिली, ती चुपी दादेच्या सोबतीने शंभर वर्षे तशीच चालत आली. दाद देणारा मोकळा झाला आणि गप्प राहणारी कामाला लागली.

हे आम्ही दुसऱ्यावर बोट ठेवून लिहीत नाही. अम्मा अंथरुणाला खिळल्यावर पहिल्या महिन्यात आम्ही एका कार्यक्रमात आईवरचे शेर तरन्नुममध्ये वाचले आणि वाहवा घेऊन रात्री घरी आलो. पत्नी अम्माची चादर बदलत होती. तिने फक्त विचारले, “जेवण झाले का?” त्या प्रश्नात टोमणा नव्हता, म्हणूनच तो जास्त लागला.

मराठीकडे वळू. वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले आणि म्हातारपणाच्या दुःखाला मराठीत आवाज मिळाला. अप्पासाहेब बेलवलकर सर्व काही मुलांना वाटून टाकतात. मग मुलाच्या घरी अपमान, मुलीच्या घरी चोरीचा आळ, कावेरीचा मृत्यू आणि शेवटी रस्ता. नाटकाचे मोठेपण आम्ही नाकारत नाही. तरीही आमच्या मुलीचा प्रश्न घेऊन नाटक पाहिले की दिसते, तिथे सांभाळून घेण्याची मागणी फक्त एका बाजूने आहे. म्हाताऱ्याच्या जखमेला भाषा आहे, भव्य भाषा आहे. त्याला सांभाळणाऱ्या घराच्या थकव्याला भाषा नाही. अप्पासाहेबांना खरी माया कोण देतो? रस्त्यावर बूटपॉलिश करणारा राजा. म्हणजे घरचे वाईट आणि परका चांगला.

हा साचा आपल्याकडे वारंवार येतो. परक्याची माया लिहायला सोपी असते, कारण परक्याशी कालचे भांडण नसते. राजाने अप्पासाहेबांचा राग वर्षानुवर्षे सोसलेला नाही. घरातल्या माणसाला आधी ते जुने खाते मिटवावे लागते. ज्या बापाला भ्यायलो त्याला भरवायचे, ज्या सासूचे ऐकून घेतले तिचे केस विंचरायचे. अवघड काम हे आहे.

खाते हा शब्द आला म्हणून आमच्या गावाबद्दल दोन शब्द. सुप्याचे नाव इतिहासाच्या पुस्तकात येते ते १२ मे १८७५ च्या दंग्यामुळे. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यातले बाजारपेठेचे गाव होते. कर्जाने पिचलेल्या कुणब्यांनी सावकारांची दुकाने-घरे गाठली आणि कर्जाची खते, रोखे, चोपड्या जाळल्या. ते लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरले, सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा आला. लोकांचा मुख्य राग कागदावर होता, कारण कर्ज फेडले तरी ‘भरून पावलो’ असे कोणी लिहून देत नव्हते.

‘भरून पावलो’ हे पावतीवरचे शब्द. रक्कम पूर्ण मिळाली, आता देणे-घेणे उरले नाही, असा त्यांचा अर्थ. बोलताना मात्र आपण ते उपरोधानेही वापरतो. मुलाने पांग फेडले नाहीत की आई म्हणते, “भरून पावले रे बाबा!” मेहरुन्निसा दलवाई यांनी १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाला नाव दिले, ‘मी भरून पावले आहे’. हे नाव आम्ही अनेक वर्षे नुसते वाचले होते. अम्माच्या आजारपणात ते पहिल्यांदा कळले.

हमीद दलवाईंच्या विचारांशी या वार्षिकाच्या वाचकांपैकी अनेकांचे जमणार नाही. तो वाद जुना आहे आणि इथे आम्हाला त्यात जायचे नाही. आम्हाला पाहायचे आहे ते या बाईकडे. मेहरुन्निसा पुण्याच्या, उर्दू बोलणाऱ्या घरातल्या. हमीद कोकणातल्या मिरजोळीचे आणि मराठीत लिहिणारे. १९५६ साली लग्न झाले आणि या बाईला मराठी आपलीशी करावी लागली. हा पहिला बदल. नवरा पूर्ण वेळ समाजकार्यात, म्हणून नोकरी करून घर चालवावे लागले आणि दोन मुली वाढवाव्या लागल्या. हा दुसरा. १८ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा विधिमंडळावर गेला, त्या सातांत त्या होत्या. हा तिसरा. मग नवऱ्याची मूत्रपिंडे निकामी झाली. उपचार, मूत्रपिंडाचे रोपण, पुन्हा आजार. त्या काळात आमच्या बारामतीच्या शरद पवारांच्या घरीही दलवाईंचे वास्तव्य झाले. ३ मे १९७७ रोजी वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी हमीद गेले. त्यानंतर नवऱ्याने १९७० साली सुरू केलेल्या मुस्लिम सत्यशोधक मंडळाची काळजी वाहणे, हा त्यापुढचा बदल. २०१७ साली मेहरुन्निसांचे निधन झाले.

एकाच माणसाची काळजी घेताना या बाईला किती वेळा स्वतःला बदलावे लागले ते पाहावे. कधी कमावती, कधी सोबतीण, कधी परिचारिका, शेवटी त्याच्या कामाची वारस. आपल्या समीक्षेने हे पुस्तक हमीद दलवाईंच्या चरित्राचे साधन म्हणून वाचले, मुस्लिम स्त्रीच्या बंडाचा दस्तऐवज म्हणून वाचले. सांभाळण्याचे पुस्तक म्हणून त्याकडे कोणी फारसे पाहिले नाही. त्याची भाषा घरात बसून सांगितल्यासारखी साधी आहे, त्यामुळे ते सोपे वाटते. पण नावातच सगळे आहे. देत राहिली ती बाई आणि ‘भरून पावले’ असेही तीच म्हणते. सावकारी हिशेबात हे बसत नाही, तिथे ज्याला मिळाले त्याने पावती द्यायची असते. खिदमतीच्या हिशेबात देणाऱ्यालाही काही मिळते, असे ती सांगते आणि हा उपरोध नाही. मात्र एक इशारा आम्हाला द्यावासा वाटतो. ही पावती तिने स्वतः लिहून दिली आहे. दुसऱ्या कोणी बाईच्या वतीने तिला विचारल्याशिवाय ‘ती भरून पावली’ असे लिहू नये. आपल्या शायरीने नेमके तेच केले.

आता एका चित्रपटाबद्दल. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘अस्तु’ २०१३ साली तयार झाला. संवादांसाठी सुमित्रा भावे यांना आणि सहायक अभिनेत्री म्हणून अमृता सुभाष यांना त्याबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे विद्वान, त्यांची भूमिका मोहन आगाशे यांनी केली. त्यांना अल्झायमर झालेला आहे. मुलगी इरा त्यांना मोटारीत बसवून दुकानात जाते, तेवढ्यात रस्त्यावरच्या हत्तीमागे ते निघून जातात. इरा शोधत राहते आणि शास्त्री माहुताची बायको चन्नम्मा हिच्यापाशी पोचतात. तिला ते आई मानू लागतात. चन्नम्माची भाषा कानडी वळणाची, त्यांची भाषा संस्कृताची. पण तिला काही समजावून घ्यायचे नसते, ती त्यांना मूल समजून खाऊ घालते.

प्रेक्षकांना चन्नम्मा आवडते, आम्हालाही आवडली. पण चन्नम्मा ही त्या राजाचीच बहीण आहे. तिच्याकडे शास्त्रीबुवा थोडा वेळ असतात, इराकडे ते वर्षे असतात. थोडा वेळ सांभाळणाऱ्याला उदार होता येते. चित्रपटाचे खरे मोल आम्हाला इराच्या बाजूने वाटते. तिच्यासमोर जो बाप उभा आहे त्याला ती आठवत नाही. मग ती कोणाची मुलगी? तिची चिडचिड, तिचा अपराधी भाव, नवऱ्याचे आणि बहिणीचे वेगवेगळे मत, हे सारे चित्रपट लपवत नाही. इराला जे शेवटपर्यंत जड जाते ते म्हणजे पूर्वीचे बाबा सोडून देणे. विद्वान बाप गेला, आता हे मूल आले, एवढे मान्य करायला तिला किती वेळ लागतो! ‘ईदगाह’मध्ये जे एका क्षणात झाले त्याची खरी लांबी ‘अस्तु’मध्ये दिसते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने भारतात साठीच्या पुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज दिला आहे. म्हणजे ही एका विद्वानाच्या घरची गोष्ट राहिलेली नाही.

१९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपल्या लेखक-कवींनी तलाक, दंगल, दारिद्र्य, ओळख यांवर हिमतीने लिहिले. ते लिहायलाच हवे होते. पण सतत बाहेरच्या आरोपांना उत्तर देण्यात आपली लेखणी इतकी गुंतली की घराच्या आतल्या खोलीत कोण कोणाला कुशीवर वळवते आहे, हे लिहायला तिला सवड झाली नाही, असे आमचे नम्र मत आहे. शिवाय एक भीतीही आहे. आम्ही थकलो, चिडलो असे लिहिले तर लोक काय म्हणतील? आईबापांना ‘उफ्’देखील म्हणू नये, अशी आपल्याला शिकवण आहे. पण ‘उफ्’ म्हणायची नाही ती त्यांना. आपल्या थकव्याबद्दल वहीत खरे लिहायला कोणी मना केलेली नाही.

खरे म्हणजे काय, तेही सांगतो. झटका आल्यानंतर अम्माला फक्त हात धरून मोरीपर्यंत न्यावे लागे. आम्ही ते शिकलो. मग उठणे बंद झाले. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला जखमा होतात, हे परिचारिकेने सांगितले. रात्री गजर लावून उठायला शिकलो. मग घास घशात अडकू लागला. चपाती गेली, पातळ खिचडी आली, बसवून चमच्याने भरवणे आले. दरवेळी वाटे, आता जमले. आणि जमले असे वाटले की गरज बदललेली असे. अम्मालाही शिकावे लागत होते, हे तर आमच्या फार उशिरा ध्यानात आले. पहिल्यांदा आम्ही तिचे अंग पुसायला गेलो तेव्हा तिने चांगला हात आडवा धरला. “तू नको, बहूकू बुलाव.” ती लाज मोडायला तिला कित्येक महिने लागले. सेवा करून घेणे हेही कष्टाचे काम आहे. ते कोणत्या कवितेत आहे?

आणि आमची लाज? अम्माचे कपडे आणि चादरी आम्ही धुऊ लागलो, पण वाळत घालायचो ते रात्री, गच्चीवर, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून. बायको बसलेली असताना मास्तर कपडे वाळत घालतो, असे कोणी म्हणेल ही धास्ती. मुशायऱ्यात आईसाठी रडणारा माणूस आईची चादर उजेडात वाळत घालायला लाजत होता. आमच्या मते आपल्या साहित्याची अडचण नेमकी या गच्चीवर आहे.

कारण हे ओझे सारखे वाटलेले नाही. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत घरातल्या माणसांची विनावेतन काळजी घेणाऱ्या स्त्रियांचा रोजचा वेळ सरासरी १३४ मिनिटे निघाला, पुरुषांचा ७६. शिवाय हे काम करणाऱ्या पुरुषांची संख्याच स्त्रियांच्या निम्मी. २००७ साली आईवडील आणि ज्येष्ठांच्या निर्वाहाचा कायदा आला. मुलगा, मुलगी, नातू, नात यांच्यावर त्याने जबाबदारी टाकली, महिना दहा हजारांपर्यंत निर्वाह देववण्याची सोय केली. त्या यादीत सून नाही. सासू-सासऱ्यांची खिदमत सुनेवर फर्ज नाही, असे अनेक उलमाही सांगतात. कायद्यात ती नाही, फर्जात ती नाही, पण घरात पहिली हाक तिलाच. आणि साहित्यात ती येते ती बहुधा खलनायिका म्हणून. हा न्याय आहे का, याचा वाचकांनी विचार करावा.

आपल्या लेखक-लेखिकांकडे आमचे मागणे मोठे नाही. आईवर कविता जरूर लिहा. पण तिच्यात तारीख असू द्या. काल तिला काय लागत होते, आज काय लागते आहे आणि ते कोण करते आहे, हे येऊ द्या. सुनेच्या तोंडची कथा येऊ द्या. मुलगा पुण्याला किंवा चाकणला नोकरीला गेला म्हणून सुप्याच्या जिरायती पट्ट्यात एकटी राहिलेली म्हातारी आणि तिला रोज डबा नेऊन देणारी शेजारीण येऊ द्या. त्या शेजारणीला कधी कंटाळा येतो तेही येऊ द्या. तिला देवी करू नका. कंटाळा येऊनही ती दुसऱ्या दिवशी डबा नेते, ही बातमी देवीच्या बातमीपेक्षा मोठी आहे.

अम्मा जाऊन आता काही वर्षे झाली. शेवटच्या काही महिन्यांत तिच्या चादरी आम्ही दिवसा वाळत घालू लागलो होतो. कोणी काही म्हटले नाही. समोरच्या एका चाचांनी मात्र दोन दिवसांनी हळूच येऊन विचारले की दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, त्यांच्या घरातही अंथरुणाला खिळलेले माणूस होते.

‘ईदगाह’ आम्ही अजूनही वाचून दाखवतो. शेवटचा ठरलेला प्रश्न मात्र आता विचारत नाही. त्याऐवजी त्या मुलीचा प्रश्न फळ्यावर लिहितो, पुढच्या ईदला दादीचे हात कापू लागले तर? मुले वहीत लिहितात. बहुतेक मुली लिहितात, मी रोटी करीन. गेल्या वर्षी एका मुलाने लिहिले, मी आत्ताच शिकून घेतो. त्याला आम्ही पैकीच्या पैकी गुण दिले.